हातातलं काम काढून घेऊ नका

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी मांडवात झालेल्या भाषणाचा मजकूर)





दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत विणा कोणाकडून कोणाकडं आली, पंगती कोणी घातल्या, बैलगाडी जाऊन ट्रक आणि टँकर कधी आले, हे सगळं बाकीची मंडळी सांगतील. आमच्याकडं विषय आला तो म्हाताऱ्या माणसांचा. आम्ही दिंडीतली औषधाची पेटी आणि नावनोंदणीची वही सांभाळणारी माणसं. आम्ही डॉक्टर नाही आणि महाराजही नाही. पण दर साल जेठात वही घेऊन घरोघर फिरतो, वाटेनं म्हाताऱ्यांच्या पायांचे फोड बघतो, गोळ्या दिल्या की नाही ते विचारतो, आणि परत आल्यावर कोण कसं आहे याची चौकशी करतो. त्यामुळं ऐंशी-नव्वदीतली माणसं रोजचा दिवस कसा काढतात, हे आम्हाला जवळून बघायला मिळालं. त्यातून जे कळलं तेवढंच आज तुमच्यापुढं ठेवतो.

ते असं, की म्हातारं माणूस खाटेला खिळतं ते दर वेळी आजारानंच असं नाही. पुष्कळदा ते घरच्यांच्या मायेनं खिळतं.

हे ऐकून कोणी राग धरू नये. घरोघर हेच चालतं. आजी झाडू हातात घेते, सून म्हणते, "राहू द्या आई, मी करते." बाबा शेरडाला पाला टाकायला उठतात, मुलगा म्हणतो, "आता बसा निवांत, लई केलं आयुष्यभर." बोलणारा चांगल्या मनानंच बोलतो. पण आज झाडू गेला, उद्या पाण्याचा तांब्या गेला, परवा नहाणीपर्यंतचं चालणं गेलं. वर्षभरानं तीच सून आईला दोन्ही बगलांत धरून उठवते, आणि "एकदमच खचल्या हो" म्हणते. आई एकदम खचलेल्या नसतात. एकेक काम काढून घेतलं तशा त्या खचत गेलेल्या असतात.

आपल्याच जिल्ह्यात गोदावरीकाठी पुणतांबा आहे. तिथं चांगदेवांची समाधी आहे, तुम्ही कित्येक जण दर्शनाला गेला असाल. चांगदेव योगबळानं चौदाशे वर्षं जगले असं परंपरा सांगते. एवढं जगून त्यांनी ज्ञानोबांना पत्र पाठवलं आणि मायना काय लिहावा हे न सुचल्यानं कागद कोराच पाठवला. चिमुकल्या मुक्ताईनं तो बघून काय म्हटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला! आम्हाला त्यात मोठा अर्थ दिसतो. वर्षं किती जगला हा हिशेब आपल्या संतांनी कधी मोठा मानला नाही. जगला तेव्हा त्याच्या हातून काय चाललं होतं, हे त्यांनी बघितलं. आज आपणही कोणी नव्वदीला पोहोचलं की हार घालतो, पेढे वाटतो. चांगलंच आहे. पण हार घालताना एवढं विचारावं, की बाबा, सकाळची आंघोळ तुमची तुम्ही करता का?

हा प्रश्न साधा वाटतो, पण जगभरचे डॉक्टर हाच विचारतात. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात सिडनी कॅट्झ नावाचे डॉक्टर होते. खुब्याचं हाड मोडलेली आणि अंथरुणाला लागलेली म्हातारी माणसं त्यांनी वर्षानुवर्षं बघितली आणि १९६३ साली सहा गोष्टींची एक यादी केली. आंघोळ करणं. कपडे घालणं. शौचाला जाऊन येणं. अंथरुणातून उठून बसणं. लघवी-शौचावर ताबा असणं. हातानं जेवणं. या सहा गोष्टी जो आपल्या आपण करतो, तो आपल्या पायावर उभा आहे. त्यांना आणखी एक दिसलं, की या गोष्टी सुटतात त्याही साधारण क्रमानं. आधी आंघोळ सुटते आणि सगळ्यात शेवटी हातानं जेवणं. लहान पोर जे शेवटी शिकतं ते म्हातारपणी आधी जातं, आणि जे पहिल्यांदा शिकतं ते शेवटपर्यंत टिकतं.

म्हणून माउली, घरातलं म्हातारं माणूस आंघोळीला टाळाटाळ करायला लागलं, तर "आळस चढलाय" म्हणून सोडून देऊ नका. नहाणीत पाय घसरतो का, पाण्याची बादली उचलत नाही का, पाठीला हात पोचत नाही का, हे विचारा. पहिला धागा तिथं उसवतो. तो तिथंच टाचला तर पुढची शिवण टिकते.

आता आमच्या जुन्या माणसांच्या सवयींकडं वळू.

आज जी माणसं पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, ती बहात्तरच्या दुष्काळात ऐन तिशीत होती. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पोरांना सुकडी चारली. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या भागातल्या म्हाताऱ्यांना तो काळ विचारा, काल घडल्यासारखा सांगतात. त्यांचा व्यायाम म्हणजे जगणंच होतं. पहाटे जातं, मग आडावरचं पाणी, मग शेत, सरपणाची मोळी, सांजेला हरिपाठ. जेवणात बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, तांदुळजा, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. गोडधोड सणालाच. जमिनीवर मांडी घालून जेवायचं, उकिडवं बसून भांडी घासायची, हाताचा आधार न घेता उठायचं. दिवसाकाठी पन्नास वेळा उठबस व्हायची, तिला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं.

ही माणसं आजही काय करतात, ते आम्ही बघतो. एका आजीकडं तीन शेरडं आहेत. शेरडं ओरडली की तिला उठावंच लागतं, गुडघे दुखले तरी. ती म्हणते, "शेरडांनी मला जित्ती ठेवलीय." एक बाबा आहेत, त्यांना आता डोळ्यानं कमी दिसतं, पण धोतर स्वतः नेसतात. पाव तास लागतो. घरातलं कोणी मध्ये गेलं तर हात झटकतात. एक मावशी रोज सांजेला मारुतीच्या देवळात दिवा लावायला जाते. पोरं म्हणतात, "आम्ही लावतो की." ती म्हणते, "तुमचा दिवा देवाला पोचतो, माझं चालणं मला पोचतं." या माणसांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नाही. दिवसात आपलं म्हणून एक काम राखून ठेवायचं आणि ते दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढं त्यांनी धरून ठेवलंय.

मात्र जुनं ते सगळं सोनं, असं म्हणून आम्ही तुमची दिशाभूल करणार नाही. मिश्री लावणारी आजी नव्वदीला पोचली म्हणून मिश्री चांगली ठरत नाही. तव्यावर भाजली, बारीक कुटली, तरी ती तंबाखूच. तोंडाचा कॅन्सर होऊन जी गेली, ती इथं मांडवात येऊन बोलत नाही. जी राहिली तिचंच आपण ऐकतो. विडीचं तसंच, तंबाखूच्या बाराचं तसंच. त्यांच्या काळात बाळंतपणात गेलेल्या बाया, देवीनं आणि पटकीनं गेलेली पोरं, यांची नावं आता कोणाला आठवत नाहीत. जुन्या माणसांकडून घ्यायचं ते चालणं, उठबस, साधी भाकरी-भाजी, वेळेवर झोप आणि माणसांत बसणं. मिश्रीची डबी तेवढी त्यांच्याकडून काढून घेता आली तर घ्या. बाकी काही काढून घेऊ नका.

कोणी म्हणेल, म्हातारपणी बसलं तर काय बिघडतं? हाडं झिजलेली, उगाच पडायला नको. याचं उत्तर शरीरच देतं. अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून बघितलं. त्यांचं सरासरी वय सदुसष्ट होतं आणि आजार काहीच नव्हता. दहा दिवसांत त्यांच्या दोन्ही पायांचं मिळून किलोभर मांस झडलं. माउली, दहा दिवस! आपल्याकडं साधा ताप आला की म्हाताऱ्याला पंधरा दिवस उठू देत नाहीत. ताप जातो आणि पाय घेऊन जातो.

याची दुसरी बाजूही ऐका, कारण ती आशेची आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना घेतलं. काठी, वॉकर घेऊन कशीबशी चालणारी माणसं होती ती. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलायचा सराव करून घेतला, आठवड्यातून तीन वेळा, झेपेल तसं वाढवत. एकानं मधेच सोडलं. बाकी नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटीच्या वर गेली. नव्वदीत! म्हणजे मांस झडायला वय लागत नाही आणि भरायलाही वय आड येत नाही. शेत उशिरा नांगरलं तरी काहीतरी उगवतंच, पडीक ठेवलं तर मात्र कुंदाच माजतो.

आणि आपली मांडी घालून बसायची रीत? ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी एक साधी परीक्षा काढली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. हात टेकला, गुडघा टेकला की गुण कमी. एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या दोन हजार माणसांना त्यांनी तसं बसवलं-उठवलं आणि पुढं कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना आधाराशिवाय उठता-बसता येत होतं, ती माणसं जास्त टिकली. २०१२ साली हे छापून आलं. आमच्या भजनाच्या बैठकीत ही परीक्षा रोज सांजेला होते. म्हणून आम्ही म्हणतो, देवळात सगळ्यांनाच खुर्च्या देऊ नका. ज्याचे गुडघे गेलेत त्याला खुर्ची जरूर द्या, मानानं द्या. पण ज्याला अजून बसता येतं त्याला सतरंजीवरच बसू द्या. फक्त ही परीक्षा म्हाताऱ्यांनी घरी एकट्यानं घेऊ नये. शेजारी धरायला माणूस असावं.

आता जरा अवघड बोलतो.

आपल्या जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागात दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ऊसतोडीला जाते. ती परत येते थेट उन्हाळ्यात. मागं राहतात म्हातारा-म्हातारी आणि शाळेत जाणारी नातवंडं. तिथं पंच्याहत्तरीची आजी पहाटे चूल पेटवते, नातवाला शाळेत धाडते, रेशन आणते, जनावरं बघते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय ही म्हातारी, अजून काटक! पण हे स्वावलंबन तिनं मागून घेतलेलं नाही. तिला पर्यायच नाही. ती तापानं फणफणली तर पाणी द्यायला आठ वर्षांचं पोर असतं. तसंच पुण्याला, चाकणला, सुप्याच्या एमआयडीसीत पोरं गेलेली गावंही आहेत. तिथं घर पक्कं आहे, दारात टाकी आहे, फोन आहे, आणि घरात एकटी म्हातारी आहे.

म्हणून आम्ही आज जे सांगतोय त्याचा कोणी उलटा अर्थ काढू नये. "आईनं आपलं आपण करावं, असं दिंडीत सांगितलंय," म्हणून कोणी आईला वाऱ्यावर सोडू नये. काम हातात ठेवणं वेगळं आणि सगळं अंगावर टाकणं वेगळं. तिनं भाजी निवडावी, पण पाण्याचा हंडा तिच्या डोक्यावर नसावा. तिनं देवळापर्यंत चालावं, पण ती वेळेत परत आली नाही तर बघायला जाणारं कोणीतरी असावं. आमची गावच्या मंडळींना विनंती आहे, की ऊसतोडीच्या सहा महिन्यांत दर आळीतल्या दोन घरांनी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या दारावरून रोज सकाळी एक फेरी मारावी. दार उघडलं का, चुलीतून धूर निघाला का, एवढंच बघायचं. याला पैसा लागत नाही.

याच जामखेडात १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे आले. त्यांनी गावोगावच्या साध्या बायांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, त्यांना गावचं आरोग्य सांभाळायला शिकवलं. बाळंतपणं, लसी, लेकरांची वजनं या बायांनी सांभाळली, आणि ते बघायला जगभरचे डॉक्टर जामखेडला आले. "हिला काय जमणार" असं ज्या बाईला सारं गाव म्हणत होतं, तिनंच गावाला शिकवलं. म्हाताऱ्या माणसांबद्दलही आपण आज तेच म्हणतोय, यांना आता काय जमणार. करू तर देऊन बघा.

आता मुद्द्याचं. पुंडलिकानं आईबापाची सेवा केली म्हणून देव विटेवर उभा राहिला. आपला सगळा संप्रदाय या एका सेवेवर उभा आहे. मग म्हाताऱ्या माणसाला काम करू द्यायचं, तर सेवा राहिली कुठं? असं आम्हाला एका तरुण टाळकऱ्यानं विचारलं होतं. प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर असं, की सेवा म्हणजे त्यांच्या जागी आपण करणं नव्हे, त्यांना करता येईल असं घर करून देणं. हे जास्त कष्टाचं आहे. आईला आंघोळ घालायला दहा मिनिटं लागतात. आईनं स्वतः करावी म्हणून नहाणी नीट करायची, पाणी काढून द्यायचं, दाराबाहेर थांबायचं आणि अर्धा तास घाई न करता वाट बघायची, यात खरी सेवा लागते. ज्याच्याकडं वेळ नाही तो करून टाकतो. ज्याला माया आहे तो थांबतो.

घरात काय करायचं ते थोडक्यात सांगतो, लक्षात ठेवा.

पहिली नहाणी. नव्या घरात गुळगुळीत फरशी बसवतात. दिसायला छान, पण ओली झाली की म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडते. खुबा मोडला की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. तिथं खडबडीत फरशी घाला आणि भिंतीला धरायला लोखंडी पाइप पक्का बसवा. बसायला बुटकं स्टूल किंवा खुर्ची ठेवा. बादली अर्धीच भरा आणि हातात मोठ्या तांब्याऐवजी हलका मग द्या.

दुसरा उजेड. रात्री लघवीला उठताना माणूस पडतं. खाटेपासून संडासापर्यंत एक लहान बल्ब रात्रभर जळू द्या. त्याचं बिल दवाखान्याच्या बिलापेक्षा कमी येतं. रात्री उठायला नको म्हणून पुष्कळ म्हातारी माणसं सांजेपासून पाणीच पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. वाट उजेडाची आणि मोकळी असली की ती पाणी पितात.

तिसरी खाट. पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे सरळ काटकोनात राहतील एवढी उंच असावी. झोपेतून उठल्यावर लगेच उभं राहू नये. आधी बसावं, घटकाभर थांबावं, मग उठावं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे पाळावंच.

चौथं डोळे आणि कान. मोतीबिंदू पिकला की माणूस चालणं सोडतं, आणि घरातले म्हणतात वय झालं. ऑपरेशन करून घ्या. ऐकू येत नाही म्हणून माणूस माणसांत बसायचं सोडतं, आणि माणसांत बसायचं सोडलं की मनानं खचतं. दात नसतील तर भाकरी दुधात कुस्करून द्या, डाळ घट्ट द्या, अंडं चालत असेल तर अंडं द्या. नुसत्या चहा-बटरावर पायात बळ येत नाही.

पाचवं पैसा आणि निर्णय. हे कोणी बोलत नाही. श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात, पासबुक मुलाकडं असतं. आईच्या हातात शंभर रुपये तिचे म्हणून असू द्या. ती त्यातून नातवाला गोळी आणील, देवाला नारळ आणील. कोणती भाजी करायची हे एक दिवस तिला ठरवू द्या. हात चालतात तेव्हा मन चालतं, पण कोणी विचारायचंच सोडलं तर हातही थांबतात. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. किती घरांत म्हातारं माणूस त्यावर लेकीच्या गावाला जाऊन येतं? जाऊ द्या. सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्डही २०२४ पासून निघतंय, ते काढून ठेवा.

आणि ज्याचं अंग लकव्यानं गेलंय, ज्याला काहीच करता येत नाही, त्याच्यापुढं ही यादी वाचू नका. त्याचा काही दोष नाही. कोणी मागच्या जन्मीचं पाप वगैरे बोलत असेल तर त्याला गप्प करा. त्याला हरिपाठाच्या वेळी खाटेसकट ओसरीवर आणा. टाळ धरवत नसेल तर एका हातानं मांडीवर ताल धरील. तेवढं काम त्याचं राहू द्या.

शेवटी आपल्या वारीबद्दल. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून राहुरी, नगर, मिरजगाव, कर्जत अशी जाते, तेव्हा तिच्यात ऐंशीच्या पुढची माणसं चालताना तुम्ही बघता आणि हात जोडता. त्यांची ताकद त्या वाटचालीच्या दिवसांत येत नाही. ती वर्षभर साठवलेली असते. पंढरीची वारी वर्षातून एकदा. परसदारापर्यंतची, मळ्यापर्यंतची, देवळापर्यंतची वारी रोजची. रोजची चुकली की आषाढीची आपोआप चुकते. ज्याला यंदा चालायचंय त्यानं चैत्रापासून रोज थोडं थोडं वाढवत चालावं. आठ दिवस आधी एकदम उठून निघू नये.

नाव नोंदवायला गेलो की काही घरांतून ऐकू येतं, "औंदा आईचं नाव नका लिहू." आई दारामागं उभी राहून ऐकत असते. तिचा चेहरा आम्ही बघितलेला आहे. शताब्दीच्या वर्षी आम्ही सेवेकऱ्यांनी एवढं ठरवलं आहे, की वयाकडं बघून कोणाचं नाव वहीतून काढायचं नाही. डॉक्टरला दाखवून यावं, गोळ्या बरोबर घ्याव्यात. ज्याला पूर्ण चालवत नाही त्यानं सकाळची एक मजल चालावी आणि पुढं गाडीत बसावं. त्यात कमीपणा नाही. आणि गाडीत बसणाऱ्यालाही दिंडीत एक काम मिळेल. कोणी मुक्कामावर भाजी निवडील, कोणी टाळांच्या दोऱ्या बांधील, कोणी पोरांना हरिपाठ पाठ करून देईल. रिकामं कोणी बसणार नाही, आणि जड काम कोणाला लागणार नाही.

ज्ञानोबांनी आपल्याच नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या तेराव्या अध्यायात म्हातारपणाचं वर्णन आहे, अंगावर काटा आणणारं. आणि ते सांगण्यामागं हेतू हा, की ते येण्याआधीच माणसानं जागं व्हावं. तेव्हा आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मंडळींनी, जी मोटारसायकलशिवाय मळ्यातही जात नाहीत, त्यांनी हे भाषण आपल्या आईबापासाठी नाही, आपल्यासाठी ऐकलं असं समजावं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून गेल्या वर्षभरात कोणतं काम आपण काढून घेतलं, ते आठवा. त्यातलं एक, सगळ्यात हलकं, उद्या सकाळी त्याच्या हातात परत द्या. आणि मग बाजूला उभं राहा, घाई करू नका.

रामकृष्ण हरी.